न सापडलेले म्हणजे शून्य नव्हे



गेल्या महिन्यात साल्मियातल्या एका घरी आम्ही सात-आठ कुटुंबे जेवायला जमलो होतो. पुरणपोळ्या झाल्या, भारतातले राजकारण झाले, मुलांचे बारावीनंतर काय हेही झाले. मग एक इंजिनिअर मित्र म्हणाला, "काही म्हणा, कुवेतचं एक मानलं पाहिजे. वीस वर्षांत मी इथे गरीब मूल पाहिलं नाही. सिग्नलला नाही की हॉटेलात कपबशा विसळताना नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हे पत्र लिहायचे कारण माझी ती मान आहे.

मी पाण्याच्या नमुन्यांतले जड धातू मोजते. हेच काम गेली अठरा वर्षे. आमच्या अहवालात अनेक रकान्यांत 'एन.डी.' असे लिहिलेले असते, म्हणजे 'नॉट डिटेक्टेड', सापडले नाही. नवा मुलगा प्रयोगशाळेत आला की पहिल्या आठवड्यात हमखास एक चूक करतो. सरासरी काढायची म्हणून तो एन.डी.च्या जागी शून्य घालतो. मी त्याला बसवून विचारते : उपकरणाला दिसू शकणारे कमीतकमी प्रमाण किती? नमुना कोणत्या विहिरीतून घेतला? जिथे शिसे असण्याची शक्यता होती ती विहीर यादीत होती का? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो शून्य म्हणजे निव्वळ थाप. हे मी दुसऱ्यांना शिकवते, आणि त्या रात्री जेवणाच्या टेबलावर स्वतः तोच शून्य घालून मोकळी झाले.

कुवेतमध्ये गरीब मूल का दिसत नाही? याचे पहिले उत्तर वासनेच्या किंवा दानधर्माच्या खात्यात नाही, व्हिसाच्या नियमांत आहे. इथे कुटुंब आणायचे तर पगाराची अट असते. २०१६ मध्ये ती २५० दिनारांवरून ४५० झाली, २०१९ मध्ये ५००. मग २०२२ मध्ये कुटुंब-व्हिसाच थांबला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा अट झाली ८०० दिनार, शिवाय पदवी. पदवीची अट त्याच वर्षी जुलैत काढली गेली. अपवाद आहेत, काही व्यवसायांना सवलत आहे, आपल्यापैकी अनेकांना ती मिळालीही आहे. पण घरकामगार ज्या कलम २० च्या व्हिसावर येतात (आपण ज्याला 'खादिम व्हिसा' म्हणतो) त्यावर कुटुंब आणण्याचा प्रश्नच येत नाही. २०१६ मध्ये घरकामगारांसाठी किमान वेतन ठरले ६० दिनार. ६० आणि ८०० यांच्यामध्ये जी माणसे आहेत त्यांची मुले कुठे असतील?

ती कुवेतमध्ये नसतात. नियमानेच नसतात. गरीब मूल इथे श्रीमंत झालेले नाही. अपूर्णांकाच्या भाषेत बोलायचे तर ते अंशातून कमी झालेले नाही, छेदातूनच वगळले आहे. दर तीन रहिवाशांत दोन परदेशी असलेल्या देशात हा केवढा मोठा छेद आहे याचा विचार करा. सर्वांत मोठा परदेशी समूह आपला, भारतीयांचा, सुमारे दहा लाखांचा.

(जी गरीब मुले इथे आहेत तीही आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण तिकडे जात नाही. सुलैबिया आणि जहराजवळच्या तैमा वस्तीत 'बिदून' कुटुंबे राहतात. बिदून म्हणजे 'विना', नागरिकत्वाविना. सरकारी आकड्यानेच ही माणसे लाखाच्या घरात. वडिलांची नोकरी जाऊन इकामा संपलेली भारतीय मुलेही आहेत, चार भिंतींआड, शाळेविना. त्यांच्याकडे पुढे येते.)

आमच्या संस्थेची गाडी एक कंत्राटदार पुरवतो. ती चालवणारे भाई मंडणगड तालुक्यातले, आमच्याशी मराठीत बोलणारे, मला 'ताई' म्हणणारे. पगार १३० दिनार. त्यातले ८० महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी जातात. घरी आई, बायको आणि दोन मुले. धाकटा आठ वर्षांचा आहे. भाई रजेवर दोन वर्षांतून एकदा जातात, म्हणजे या मुलाने वडिलांना आयुष्यात फार तर चारदा पाहिले आहे, त्यातले पहिले त्याला आठवणार नाही.

आता हे मूल कोणत्या मोजमापात सापडते ते पाहू. मी हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण ते कठीण आहे. हा मुलगा उपाशी नाही.

दारिद्र्यरेषेचा जुना हिशेब पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये मांडला, माणशी रोज २२५० कॅलरी परवडतील इतका खर्च. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये ती पद्धत बदलली. त्या पद्धतीने २०११-१२ ची ग्रामीण रेषा आली माणशी महिना ८१६ रुपये. भाईंचे ८० दिनार म्हणजे वीस हजारांहून जास्त रुपये, चार माणसांत वाटले तर माणशी पाच हजार. महागाईने रेषा दुप्पट केली तरी हे घर खूप वर. शिवाय या हिशेबात मूल असे वेगळे नसतेच. घराचा खर्च भागिले माणसे. व्हिसासाठी एजंटाला दिलेले कर्ज यात दिसत नाही, आणि पाच हजारांतले मुलाच्या वाट्याला किती आले हेही दिसत नाही.

मग आला बहुआयामी निर्देशांक. नीती आयोगाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बारा निकष : पोषण, शाळा, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन, वीज, पक्के घर, बँक खाते वगैरे. पूर्वीपेक्षा निश्चितच चांगला. भाईंच्या घरी गॅस आहे, शौचालय आहे, स्लॅबचे घर आहे (त्या स्लॅबसाठीच तर ते इथे आहेत), बँक खाते तर आहेच. बाराही रकान्यांत ठीक. इथेही एकक घर आहे : घर गरीब तर त्यातले प्रत्येक मूल गरीब, घर गरीब नाही तर एकही मूल नाही. महाराष्ट्रातले गरीब या मोजणीने २०१५-१६ मधल्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. त्यात आनंद आहेच. पण भाईंचा धाकटा भारताच्या यादीत 'गरीब नाही' आणि कुवेतच्या यादीत 'नाही'.

१२ जून २०२४ ला मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले. सर्वाधिक केरळचे, एक आपल्या महाराष्ट्राचा. आपल्यापैकी कितीतरी जण त्या इमारतीपासून दहा मिनिटांवर राहतात. त्या दिवशी आपण सगळे हादरलो होतो, निधी गोळा केला, विमानतळावर गेलो. वर्तमानपत्रांत मृतांची नावे, राज्ये, वये आली. पण या माणसांच्या पगारावर कुवेतच्या बाहेर किती मुले वाढत होती, हा आकडा ठेवणारा रकाना कुठल्याच नियमित मोजणीत नाही. आग लागण्याच्या आदल्या दिवशीही नव्हता.

"पण व्हिसा कोणाला द्यायचा हा त्या त्या देशाचा अधिकार आहे," असे मित्र म्हणतील. असेल. त्यावर वेगळा वाद घालू. माझा आक्षेप आज आपल्या वाक्यावर आहे. आपण सुशिक्षित, आकडेवारीवर पोट भरणारी माणसे. पी-व्हॅल्यू, सिग्मा, ऑडिट, केपीआय यांत आपला दिवस जातो. कामावर कोणी नमुनाच न घेता 'दोष आढळला नाही' असे लिहिले तर आपण त्याला उभे करू. मग घरी आल्यावर ही शिस्त कुठे जाते? मला वाटते, ती आपल्याला सोयीची नसते. गरीब मूल इथे नाही असे म्हटले की इथल्या स्वच्छ रस्त्यांवरचा आपला हक्क थोडा अधिक निर्मळ वाटतो.

आणि हा दोष फक्त आखाताचा मानू नका. आपल्या महाराष्ट्रातही गरीब मूल गायब करायची एक पद्धत आहे, तिथे व्हिसा लागत नाही. तिथे सरासरी पुरते.

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांचा. त्यात ठाणे शहर होते, नवी मुंबई होती, आणि जव्हार-मोखाड्याचे पाडेही होते. १९९२ मध्ये जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हलला होता. तरीही पुढे दोन दशके त्या पाड्यावरच्या मुलाचे वजन आणि पाचपाखाडीतल्या मुलाचे वजन एकाच जिल्ह्याच्या आकड्यात मिसळत राहिले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्हे जुनेच धरले होते, जनगणनेचे ६४०. पालघरला स्वतःचा आकडा मिळाला तो त्याच्या पुढच्या, पाचव्या पाहणीत. म्हणजे मुले तीच, वजने तीच, नकाशावर एक रेघ ओढल्यावर मग ती दिसू लागली. अमरावतीच्या आकड्यात मेळघाट असाच विरघळतो. मुंबईच्या आकड्यात गोवंडी-मानखुर्द विरघळते. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात देवनारच्या कचराडेपोचा 'एम-पूर्व' विभाग चोवीस विभागांत तळाला होता.

पाचव्या पाहणीत देशभर सुमारे ६ लाख ३७ हजार घरे घेतली, जिल्हे ७०७. भागाकार करा : जिल्ह्याला सरासरी नऊशे घरे. त्यातली पाच वर्षांखालची मुले काहीशे. जिल्ह्यासाठी हा नमुना पुरेसा आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण यातून मोखाड्याचा आकडा काढता येत नाही, एका पाड्याचा तर नाहीच. आणि दिवाळी झाली की तिथली आदिवासी कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. गावच्या अंगणवाडीच्या पटावर मूल असते पण ते जागेवर नसते. भट्टीवर असते तिथे पट नसतो. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचे तेच. भाईंच्या धाकट्याशी यांचे नाते लक्षात आले ना? तो जागेवर आहे, बाप नाही. हा बापाबरोबर आहे, जागेवर नाही. दोघांच्याही बाबतीत मोजणारा घर एका ठिकाणी असते असे धरून चालला आहे.

याला दुसरा रस्ता नाही असे नाही. २००७ मध्ये युनिसेफच्या फ्लॉरेन्सच्या इनोचेन्ती केंद्राने २१ श्रीमंत देशांतल्या मुलांच्या हिताचे प्रगतिपुस्तक काढले. नेदरलँड्स पहिला, अमेरिका शेवटून दुसरी, ब्रिटन शेवटचा. (कुवेत त्या वर्गातच नव्हता. दरडोई उत्पन्नात त्यातल्या अनेकांच्या पुढे असूनही, कारण ती यादी विकसित देशांच्या संघटनेची होती.) ब्रिटनमध्ये भरपूर आरडाओरडा झाला. मात्र २००९ मध्ये तिथल्या सरकारने इंग्लंडपुरता मुलांच्या हिताचा स्थानिक निर्देशांक काढला : साऱ्या इंग्लंडचे बत्तीस हजारांवर तुकडे, प्रत्येकी साधारण दीड हजार वस्तीचे, आणि प्रत्येक तुकड्यासाठी मुलांचे आरोग्य, शिक्षण, घर, परिसर, गुन्हे, आर्थिक स्थिती वेगवेगळी. म्हणजे चार गल्ल्यांचा आकडा. आपल्या गल्लीतले मूल कुठे आहे हे तिथल्या शिक्षिकेला नगरसेवकासमोर टेबलावर ठेवता येते. या निर्देशांकाला त्रुटी होत्या, पण 'जिल्ह्याची सरासरी उत्तम आहे' हे उत्तर देणे त्याने अवघड केले.

त्या २००७ च्या प्रगतिपुस्तकातला एक प्रश्न मला विसरता येत नाही. उत्पन्न, लसीकरण, परीक्षांचे गुण हे सगळे होतेच. पण मुलांनाच विचारलेला एक साधा प्रश्न होता : आठवड्यातून किती वेळा तुम्ही आईवडिलांबरोबर मुख्य जेवण घेता? शास्त्रज्ञाला असा प्रश्न बालिश वाटू शकतो. पण हा मोजता येतो, देशादेशांत तुलना करता येतो, आणि भाईंच्या धाकट्याचे पहिले उत्तर नोंदवणारा हाच एक निकष मला आजवर भेटला आहे. (आपल्या घरांतही विचारून पाहा. अहमदीच्या शिफ्टवर असणाऱ्या बापांच्या मुलांनी काय उत्तर दिले ते मात्र मला सांगू नका.)

आपल्याकडेही लोकांनी हे केले आहे, सरकारची वाट न पाहता. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावागावांतला प्रत्येक जन्म आणि मृत्यू मोजत काम केले. २००१ मध्ये त्यांच्यासह राज्यातल्या काही संस्थांनी आपापल्या गावांतल्या मोजणीवरून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला आणि सरकारी नोंदीत बालमृत्यू किती कमी दाखवले जातात हे उघडे पाडले. त्यानंतर शासनाला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गावातल्या बाईने वहीत ओढलेली रेघ मंत्रालयापर्यंत पोचली.

आता आपल्याबद्दल. एप्रिल २०२० मध्ये जलीब आणि महबूला हे दोन भाग टाळेबंदीत पूर्ण बंद झाले. आमच्या ओळखीच्या गटाने शिधा वाटला. बाहेरून पिशव्या नाक्यापर्यंत न्यायच्या, आतला माणूस पुढे नेणार. यादी मी करत होते. सिव्हिल आयडीचा क्रमांक, नाव, फोन. जलीबमधून एका बाईचा फोन आला. तीन मुले, नवरा बेपत्ता, इकामा संपलेला. नाव सांगायला ती तयार नव्हती. "नंबर नाही तर यादीत कसं घालू?" असे मी तिला विचारले. मी. तिने फोन ठेवला. पुढे गटाचा अहवालही मीच लिहिला. तांदूळ किती किलो, तेल किती लिटर, पिशव्या किती, देणगीदार कोण. छान तक्ते होते. मुले किती, हा रकाना त्यात नव्हता. कोणी विचारलाही नाही, आणि मलाही तो आठवला नाही. चार वर्षांनी जेवणाच्या टेबलावर मी मान डोलावली ती याच डोक्याने.

आपली दानते आहेत. दरवर्षी जव्हारच्या शाळेला दप्तरे जातात, फोटो येतात. ते थांबवा असे मी म्हणत नाही. पण दप्तरे मोजणे आणि मुले मोजणे या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, आणि आपण वर्षानुवर्षे पहिलीच करतो आहोत, कारण तिच्यात आपण दिसतो.

म्हणून आम्ही चौघे-पाच जणांनी एक पानी प्रश्नावली केली आहे. फक्त मराठी बोलणाऱ्यांपुरती, फहाहील, मंगाफ, महबूला, जलीब या चार भागांत, कारण तेवढेच आपल्या आवाक्यात आहे. नाव नाही, आयडी नाही, इमारतीचा क्रमांक नाही, फोटो तर अजिबात नाही. कागद नसलेल्या माणसासाठी यादी हाच धोका असतो. ज्या मोजणीने एक जरी मूल अडचणीत येईल ती मोजणी आम्हाला करायची नाही. प्रश्न आठ. घरात अठराखालची मुले किती, शाळेत किती जातात, या सत्राची फी भरली का, पैशासाठी डॉक्टरकडे जाणे टाळले का, मूल शाळेतून आल्यावर घरी कोण असते, अभ्यासाला जागा आहे का, जेवणाचा तो प्रश्न. आणि आठवा : तुमच्या पगारावर वाढणारी, पण इथे नसलेली मुले किती, कुठे, कोणाकडे?

हा आठवा प्रश्न बॅचलर खोल्यांत विचारायचा आहे, जिथे आजवर कोणी मुलांबद्दल विचारायला गेलेले नाही. भाईंना मी तो सहज बोलून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत त्यांनी एक चिठ्ठी दिली. त्यांच्या खोलीत सहा जण राहतात. सगळ्यांना विचारून त्यांनी लिहून आणले होते : मुले चौदा. पुढे गावे, वये, कोणाकडे राहतात ते. दोघांच्या नावापुढे लिहिले होते, 'शाळा सुटली'. एकाच्या पुढे, 'आजीकडे, आजी आजारी'. सहा माणसांची खोली, अर्ध्या तासाचे काम. आमच्या वार्षिक अहवालांत आजवर आलेल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा त्या चिठ्ठीत अधिक माहिती होती.

आमच्यातच मतभेद आहेत. एकाचे म्हणणे, फीचा प्रश्न लोकांना लाजवेल, तो शेवटी घ्या. दुसरीचे म्हणणे, जेवणाचा प्रश्न बापांना रडवेल, तो काढाच. मी तो ठेवण्याच्या बाजूची आहे, पण बहुमत विरुद्ध गेले तर काढीन. इतक्या थोड्या घरांवरून टक्केवारी काढायची नाही, एवढे मात्र सगळ्यांचे ठरले आहे. नुसते आकडे आणि भागांची नावे छापायची, आणि जिथे विचारता आले नाही तिथे 'विचारले नाही' असे लिहायचे.

रमजानआधीचे दोन शुक्रवार आम्ही ठरवले आहेत. तेलुगू किंवा मल्याळी मित्रांनी आपापल्या भाषेत हीच प्रश्नावली घेतली तर उत्तमच, मसुदा द्यायला आम्ही तयार आहोत. मराठी मंडळींपैकी दोन शुक्रवार सकाळी तीन-तीन तास देऊ शकतील अशी निदान बारा माणसे हवी आहेत, त्यातले सहा तरी पुरुष, कारण बॅचलर खोल्यांत आम्हा बायकांना जाता येणार नाही. त्या रात्री जेवायला असलेल्या इंजिनिअर मित्राला मी पहिला फोन केला. तो म्हणाला, महबूला मी घेतो.